रेशन, दवाखाना, पेन्शन: कोल्हापुरात ऑनलाइन अर्ज कुठल्या क्रमानं करायचे

सरकारी योजनेचा ऑनलाइन अर्ज भरायला अर्धा तास पुरतो. घोडं अडतं ते त्याच्या आधी. गल्लीतल्या आणि पै-पाहुण्यांतल्या लोकांचे फॉर्म भरून देताना एक गोष्ट सारखी दिसते. ‘अर्ज भरलाय, पण काहीच हालचाल नाही’ म्हणणाऱ्या माणसाचा अर्ज बहुतेक वेळा बरोबरच असतो. त्याच्या मागं जोडलेला एक कागद दुसऱ्या कागदाशी जुळत नसतो. मग ती फाइल कुठल्यातरी टेबलावर ‘त्रुटी’ असा शेरा घेऊन पडून राहते आणि घरातले तहसीलला हेलपाटे घालत बसतात.

म्हणून योजनेचं नाव थोडं बाजूला ठेवा आणि क्रम पाठ करा. आधी नाव, मग मोबाइल, मग बँक खातं, मग रेशनकार्ड, मग उत्पन्नाचा दाखला, मग दवाखान्याचं कार्ड आणि सगळ्यात शेवटी पेन्शन. पुढची प्रत्येक खिडकी मागच्या खिडकीचा कागद मागते, त्यामुळं मधली पायरी गाळून चालत नाही.

हे सगळं पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांसाठी लिहितोय. नुकतंच लग्न होऊन वेगळी चूल मांडलेले, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला येऊन इथंच भाड्यानं राहिलेले, आईची पेन्शन सुरू करायची आहे पण तहसीलची पायरी कधी चढलेले नाहीत, अशांसाठी.

नाव

आपल्या जिल्ह्यात नावांचा घोळ जरा जास्तच आहे. गावात सगळे ‘बाळासो’ म्हणतात, शाळेच्या दाखल्यावर ‘बाळासाहेब’ असतं, आधारवर ‘बाळू’, सातबाऱ्यावर ‘बाळा’ आणि बँकेच्या पासबुकावर इंग्रजी स्पेलिंग आणखी निराळंच. माणूस एकच, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. संगणकाला ते पाच लोक वाटतात. आप्पासो, अण्णासो, बापूसो या सगळ्यांची हीच गत. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव, सासरचं नाव आणि लग्नात बदललेलं नाव असा तिपेडी गुंता असतो.

यावर उपाय म्हणजे एक कागद पाया धरायचा आणि बाकीचे त्याच्याबरोबर आणायचे. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला असेल तर तोच पाया. दोन्ही नसेल, आणि साठी-सत्तरीतल्या लोकांकडं तो बहुधा नसतोच, तर आधारवर जे आहे तेच पक्कं धरा आणि रेशनकार्ड, बँक, मतदार ओळखपत्र त्याप्रमाणं करून घ्या. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यामुळं घाईघाईत ‘पाटिल’चं ‘पाटील’ करायला जाऊन एक संधी घालवू नका. आधी सगळे कागद टेबलावर पसरा, किती ठिकाणी काय लिहिलंय ते वहीत उतरवून काढा आणि मगच आधार केंद्रात जा.

लग्नानंतर बदललेल्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला लागतो. तो गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात महानगरपालिकेत मिळतो. नाव पूर्णच वेगळं असेल तर राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागतं, तो अर्जही ऑनलाइन होतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढच्या सगळ्या कामांचा निम्मा त्रास इथंच वाचतो.

मोबाइल आणि बँक

आधारला जोडलेला नंबर घरातल्या माणसाच्या हातात असला पाहिजे. खूप घरांत आजीच्या आधारला पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाचा नंबर असतो. इकडं सेतूत, म्हणजे दाखल्यांचे अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात, ओटीपी मागितला की तिकडं तो मीटिंगमध्ये. ओटीपीची मुदत संपते, पुन्हा पहिल्यापासून. नंबर बदलायला आधार केंद्रात जा, अंगठा देऊन काम होतं. आधारविषयी काही अडलं तर १९४७ हा नंबर आहे.

बँकेचं जरा समजून घ्या, कारण ‘पैसे आलेच नाहीत’ या तक्रारीचं मूळ बहुतेक इथंच सापडतं. बँकेत तुमचं आधार केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, घेतलेलं असणं वेगळं आणि ते खातं सरकारी अनुदानासाठी आधारशी मॅप झालेलं असणं वेगळं. काउंटरवर विचारलं की ‘हो, आधार लिंक आहे’ असं उत्तर येतं, पण ते पहिल्या अर्थानं असतं. अनुदान मात्र ज्या एकाच खात्याला डीबीटीसाठी, म्हणजे अनुदान थेट जमा होण्यासाठी, आधार जोडलंय, तिथंच जातं. शेवटी ज्या बँकेत तुम्ही ही जोडणी केली ते खातं.

एका घरातलं चित्र बघा. दूध बिल एका खात्यात, सोसायटीचं पीककर्ज जिल्हा बँकेत, बचत गटाचं तिसरीकडं आणि कधीतरी शून्य रकमेवर काढलेलं जनधन खातं चौथीकडं. अर्जात तुम्ही पहिल्या खात्याचा नंबर लिहिता, पैसे पडतात चौथ्यात, आणि ते खातं आपलं आहे हेच विसरलेलं असतं. ‘माय आधार’ या संकेतस्थळावर आधार नंबर आणि ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, बँकेचं नाव तिथं दिसतं. बँक नको ती दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म भरून द्या. फॉर्मवर ‘डीबीटी’ हा शब्द आहे ना, एवढं बघा. बँकेचं काहीच जमत नसेल तर पोस्टात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढून तेच जोडा. गावच्या पोस्टमनकडं मशीन असतं, म्हाताऱ्या माणसाला घरबसल्या पैसे मिळतात.

रेशनकार्ड

रेशनकार्ड धान्यासाठीच असतं हा समज जुना झाला. दवाखान्याच्या योजनेत कुटुंब म्हणून तेच बघतात आणि तुम्ही कुणाच्या घरात मोडता हेही त्यावरूनच ठरतं. तुमचं कार्ड ऑनलाइन झालंय का, म्हणजे त्याला बारा अंकी आरसी नंबर आहे का, हे पहिल्यांदा बघा. जुन्या हातानं लिहिलेल्या कार्डावर तो नसेल तर रेशन दुकानदाराला विचारा किंवा तालुक्याच्या पुरवठा शाखेत जा.

रंग तीन. पिवळं, केशरी आणि पांढरं. वर्षाला १ लाखाच्या वर उत्पन्न असेल तर पांढरं. १५ हजारांच्या वर ते १ लाखापर्यंत केशरी. त्याखाली पिवळं. पण धान्य रंगावर मिळत नाही, आणि नव्या लोकांचा सगळ्यात जास्त हिरमोड इथंच होतो. धान्य मिळतं ते २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत नाव असेल तरच. अंत्योदय असेल तर कार्डामागं महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबात असेल तर माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा खेड्यात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार. या मर्यादेत बसूनही कधी कधी नाव लागत नाही, कारण राज्याला आणि जिल्ह्याला लाभार्थ्यांचा ठरलेला इष्टांक, म्हणजे कोटा, असतो. इष्टांक भरलेला असेल तर कुणाचं तरी नाव कमी झाल्यावरच जागा होते. म्हणून नवं केशरी कार्ड हातात आल्यावर थांबू नका. अन्नसुरक्षेत नाव घालण्याचा वेगळा अर्ज पुरवठा शाखेत द्या आणि त्याची पोच घेऊन ठेवा.

कार्डाचा अर्ज अन्न व नागरी पुरवठा विभागाच्या आरसीएमएस संकेतस्थळावर करायचा. पत्ता ‘आरसीएमएस डॉट महाफूड डॉट गव्ह डॉट इन’. पब्लिक लॉगिनमधून नाव नोंदवा. तुमच्याकडं आधीचं कार्ड आहे की नाही हे तिथं सुरुवातीलाच विचारतात. खोटं उत्तर देऊ नका. आधार टाकलं की वडिलांच्या कार्डावरचं तुमचं नाव संगणक दाखवतोच. वेगळं राहायला लागला असाल तर आधी जुन्या कार्डावरून नाव कमी करून घ्या, मग नव्याचा अर्ज. कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरच्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव घालायचं असतं, हे कायद्यातच आहे. फोटोही तिचाच.

पत्त्यासाठी लाईट बिल किंवा घरफाळ्याची पावती चालते. भाड्यानं राहत असाल तर भाडेकरार आणि मालकाच्या लाईट बिलाची झेरॉक्स. मालक लोक ‘कार्डावर पत्ता दिला की भाडेकरू घर सोडत नाही’ या भीतीनं संमतीला टाळाटाळ करतात. करार नोंदणीकृत असेल तर हा वाद उरत नाही, त्यामुळं घर घेतानाच तो करून घ्यावा असं माझं मत आहे.

कागल, गडहिंग्लज, चंदगड, शिरोळ अशा सीमेवरच्या तालुक्यांत आणखी एक प्रकार सतत येतो. सूनबाई निपाणी, चिक्कोडी किंवा बेळगावची. तिचं नाव कर्नाटकातल्या माहेरच्या कार्डावर, शाळेचा दाखला कधी कन्नडमध्ये. आधी माहेरच्या तालुक्यातून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो, तो इथल्या अर्जाला जोडायचा. कन्नड कागदाचं मराठी किंवा इंग्रजी भाषांतर साक्षांकित करून घ्या. लग्नाच्या गडबडीत हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि मग पहिल्या बाळंतपणाला दवाखान्यात कार्डावर नाव नसतं.

परराज्यातून किंवा परजिल्ह्यातून कामाला आलेल्यांनी नवं कार्ड काढायच्या मागं लागायची गरज नाही. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळं गावाकडच्या कार्डावरचं धान्य इथल्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून उचलता येतं. काही दुकानदार ‘आमच्या दुकानचं कार्ड नाही’ म्हणून परत पाठवतात. तेव्हा १९६७ वर फोन करा.

ई-केवायसी राहिली असेल तर आजच करून घ्या. घरातल्या प्रत्येकाला दुकानातल्या पॉस मशीनवर एकदा अंगठा द्यावा लागतो, लहान मुलांच्या वयानुसार थोडी सवलत असते. जन्मभर ऊस तोडलेल्या किंवा भांडी घासलेल्या हातांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. मावशी अंगठा पदराला पुसून पुन्हा ठेवते, मशीन लाल दिवा दाखवतं, रांग मागं कुजबुजायला लागते. अशा वेळी अंगठ्याचा हट्ट सोडून दुसऱ्या बोटांनी बघा. तरी नाही झालं तर ‘मेरा ई-केवायसी’ हे ॲप आहे, त्यात चेहऱ्यावरून ओळख पटते. घरात, उजेडात, निवांत करता येतं.

उत्पन्नाचा दाखला

हा ‘आपले सरकार’ पोर्टलवर मिळतो. पहिल्यांदा मोबाइल नंबरवर ओटीपी घेऊन खातं उघडा, जिल्हा कोल्हापूर निवडा, महसूल विभागात जाऊन ‘उत्पन्नाचा दाखला’ घ्या. शहरातल्या लोकांचं तहसील करवीर. इचलकरंजीकरांना अप्पर तहसील कार्यालय आहे. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा आणि स्वयंघोषणापत्र जोडायचं. उत्पन्नाचा पुरावा म्हणून नोकरदाराला पगारपत्रक, बाकीच्यांना तलाठ्याचा अहवाल. तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, बोर्डावर ते नाव दिसलं तर गोंधळू नका.

फोटो ५ ते २० केबीत बसवावा लागतो. मोबाइलवर काढलेला फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो आणि पोर्टल तो गुपचूप नाकारतं. आधीच छोटा करून ठेवा. कागद सरळ उजेडात, सावली न पडता स्कॅन करा. दुपारी पोर्टल फार रेंगाळतं, सकाळी लवकर किंवा रात्री जेवणानंतर बसा.

स्वयंघोषणापत्र साध्या कागदावर चालतं. दाखल्यासाठी ५०० चा स्टॅम्प आणा म्हणून कुणी सांगत असेल तर सरळ नाही म्हणा. दाखला मिळायची मुदत १५ दिवस आहे आणि तो त्या आर्थिक वर्षापुरता, म्हणजे ३१ मार्चपर्यंतच धरतात. फेब्रुवारीत काढलेला दाखला एप्रिलमध्ये शिळा होतो. पेन्शनचा अर्ज करायचा असेल तर वर्षाच्या सुरुवातीला दाखला काढणं शहाणपणाचं.

आता पेन्शनसाठी लागणाऱ्या उत्पन्नाचं बोलू. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. दिवसाला ५७-५८ रुपये. एक लिटर दुधाच्या हिशेबात संपूर्ण कुटुंबाचं पोट. मर्यादा वाढवायला हवी, यात मला शंका नाही, पण आज आहे ती हीच आहे. दिव्यांगांना ५० हजारांपर्यंत सूट आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्याचा दाखला उत्पन्नाच्या जागी चालतो, म्हणून तहसीलला जाण्याआधी ग्रामपंचायतीत जुनी यादी एकदा चाळा. आणि एखादा एजंट ‘२० हजारांचा दाखला काढून देतो’ म्हणाला तर सावध राहा. स्वयंघोषणापत्रावर सही तुमची असते, त्याची नाही.

दवाखाना

राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत आपल्याकडं एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, बिल न भरता. पूर्वी पांढऱ्या कार्डवाल्यांना यात जागा नव्हती. जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना ती खुली झाली. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं मिळतं.

कार्ड काढायला ‘आयुष्मान’ ॲप किंवा ‘बेनिफिशरी डॉट एनएचए डॉट गव्ह डॉट इन’ उघडा, लाभार्थी म्हणून मोबाइल ओटीपीनं आत जा, राज्य आणि जिल्हा निवडा, आधारनं शोधा. नाव आलं की ई-केवायसी करा आणि कार्ड उतरवून घ्या. आशाताईसुद्धा करून देतात. कार्ड मोफत आहे. ऑनलाइन कामात हे सगळ्यात सोपं, म्हणून आज घरी बसूनच उरका.

खरी परीक्षा दवाखान्यात होते. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. दाखल होतानाच तिथं जायचं, डिस्चार्जच्या दिवशी नाही. रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं, तो ऑनलाइन मंजुरी मागतो, मंजुरी आली की उपचार योजनेतून सुरू. अपघात किंवा छातीत कळ आली असेल तर आधी दाखल व्हा, आरोग्यमित्र फोनवरून तातडीची मंजुरी घेऊ शकतो. बाहेरच्या तपासणीला, म्हणजे ओपीडीला ही योजना चालत नाही.

फाटकावर योजनेचा बोर्ड आहे म्हणून सगळंच योजनेत होईल असं धरू नका. दवाखान्याची मान्यता विभागवार असते. हाडांचं बसतं, हृदयाचं बसत नाही, असं होतं. काही उपचार फक्त सरकारी दवाखान्यांसाठीच राखून ठेवलेत. विचारायचा प्रश्न असा: ‘याच आजाराचं, याच दवाखान्यात, योजनेत होतं का?’ तोंडी ‘हो’ ऐकलं तरी मंजुरीचा कागद बघा. योजनेत दाखल असताना कुणी अनामत मागितली तर १५५३८८ वर फोन लावा, केंद्राच्या योजनेसाठी १४५५५ आहे.

सीपीआर, म्हणजे आपला थोरला दवाखाना, भाऊसिंगजी रोडला आहे. खासगीत मंजुरीचं अडलं की लोक तिथं जातात, माझ्या मते आधीच जायला हरकत नाही. दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणीही तिथंच होते. त्याचा अर्ज आधी ‘स्वावलंबन’ पोर्टलवर करायचा, तारीख घ्यायची आणि मग जायचं. पेन्शनला किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

पेन्शन आणि रोख मदत

एवढं हातात आलं की पेन्शनचा अर्ज. ६५ वर्षांच्या आतले निराधार, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान. ६५ आणि पुढच्यांसाठी श्रावणबाळ. दारिद्र्यरेषेखालील असतील तर केंद्राचं इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतन त्यातच जोडून येतं, तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही. महिन्याला १,५०० रुपये, दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये ते २,५०० करण्यात आले. महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा दाखला लागतो.

‘आपले सरकार’वर विशेष सहाय्य विभागात अर्ज भरा, पण त्यावर विसंबून राहू नका. प्रिंट काढून कागदांच्या झेरॉक्स जोडा आणि तहसीलच्या संगांयो (संजय गांधी निराधार योजना) शाखेत देऊन पोच घ्या. अर्ज तपासून तालुका समितीपुढं जातो आणि समितीची बैठक कधी होते यावर पुढचं सगळं ठरतं. पुढची बैठक कधी, माझं प्रकरण यादीत आहे का, हे दोन प्रश्न शाखेत विचारत राहा. उद्धटपणानं नको. ‘भाऊसाहेब, जरा बघता का’ एवढं म्हटलं की बहुतेक वेळा माणूस रजिस्टर काढतो.

विधवा बाईला एक गोष्ट कुणी सांगत नाही. घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल, तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकदाच २० हजार मिळतात. मृत्यूचा दाखला आणि वयाचा पुरावा घेऊन त्याच शाखेत जा. दिवसकार्य उरकल्यावर लगेच, कारण उशीर झाला की कागद आणखी मागतात.

लाडकी बहीण योजनेबद्दल रोज कुणीतरी विचारतं. अर्ज भरायची मुदत १५ ऑक्टोबर २०२४ ला संपली. जिला निराधार किंवा दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० किंवा जास्त मिळतात तिला त्यात बसता येत नाही. दोन्ही घेत राहिलं तर पुढं वसुलीची भीती असते.

शेतकऱ्यांचं थोडक्यात: पीएम किसानचे वर्षाला ६ हजार तीन हप्त्यांत आणि राज्याच्या नमो शेतकरीचे तेवढेच. त्यासाठी आता फार्मर आयडी लागतो. तो सेतूत होतो, सातबाऱ्यावरचं नाव मात्र आधारसारखं हवं. म्हणजे पुन्हा बाळासो आणि बाळासाहेब.

पैसे, फसवणूक आणि अपील

महा ई-सेवा केंद्रात दरफलक लावलेला असतो. तेवढेच द्या आणि पावती मागा. पावतीवरचा अर्ज क्रमांक मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण ती चिठ्ठी महिन्यात पांढरी पडते. अर्ज नेहमी तुमच्या स्वतःच्या मोबाइल नंबरानं भरायला सांगा. केंद्रचालक वेळ वाचवायला आपलाच नंबर टाकतात, मग ‘त्रुटी पूर्ण करा’ हा मेसेज त्यांच्याकडं जातो आणि तुम्हाला पत्ताच नसतो.

व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान यादी’ किंवा ‘लाडकी बहीण केवायसी’ नावाची एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप घालणारी फाइल, आली तर उघडू नका. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट बहुधा ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा असतो, बाकी काहीही दिसलं तर बंद करा. पैसे गेलेच तर लगेच १९३०, वेळ घालवू नका.

मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा कारण न देता नाकारला तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, तेही ‘आपले सरकार’वरूनच. वकील लागत नाही. अर्ज क्रमांक, तारीख आणि ‘मुदत संपली’ एवढं दोन ओळींत लिहा. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंड होऊ शकतो, त्यामुळं अपील दाखल झालं की फाइल हलते. तेवढ्यानं भागलं नाही तर लोकशाही दिन आहे, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस. तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी, नागाळा पार्कातल्या कलेक्टर कचेरीत. निवेदन आधी द्यावं लागतं, त्याच दिवशी कागद घेऊन गेलं तर पुढच्या महिन्याची वाट बघावी लागते.

पेन्शन सुरू झाली की पहिल्या हप्त्याचा मेसेज जपून ठेवा आणि कॅलेंडरवर एक खूण करा: दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी तहसीलला आधी कळवलं तर तलाठी घरी येऊन बघून जातात. हा दाखला चुकला की पेन्शन न सांगता थांबते आणि पुन्हा सुरू करायला वर सांगितलेले सगळे कागद परत मागतात.